सुएझला बदली माणूस

रत्नागिरी, १६ फेब्रुवारी २०२४

रितेश,

आशीर्वाद शेवटी देईन. आधी भांडून घेते, कारण फोनवर तू भांडू देत नाहीस. उचलतच नाहीस. तुझ्या जहाजाचा मेल-पत्ता एजंटाच्या हापिसातल्या मुलीकडून गोड बोलून काढला. ती म्हणाली, फोटो पाठवू नका, नुसती अक्षरं जातात, आणि ती आधी कॅप्टनच्या कॉम्प्युटरवर उतरतात. तुझा कॅप्टन केरळचा आहे म्हणे. म्हणजे त्याला मराठी यायची भीती नाही, मी मनसोक्त लिहिणार.

आपल्या झेरॉक्स-फॉर्मच्या दुकानात बसूनच लिहितेय. समोर दोन पोरं पासपोर्टचा फॉर्म भरायला उभी आहेत. त्यांना म्हटलं, बसा रे, सरकारी काम आहे.

तर त्या मुलीकडून कळलं ते असं. तुमचं 'अ‍ॅस्टर ग्रेस' तुर्कस्तानात खत भरतंय आणि ते कांडल्याला आणायचंय. आफ्रिकेला वळसा घातला तर दोन आठवडे जास्त लागतात, म्हणून मालकाला सुएझच्या कालव्यातून, तांबड्या समुद्रातूनच आणायचंय. आणि तिथे खाली, येमेनच्या डोंगरातून, ते हूथी येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांवर क्षेपणास्त्रं टाकतायत. ते मला तिने नाही सांगितलं, ते टीव्ही रोज सांगतो. कंपनीने म्हणे प्रत्येक खलाशाला विचारलंय, येतोस की नाही? हो म्हटलं तर तेवढ्या पट्ट्यात पगार दुप्पट. नाही म्हटलं तर सुएझला उतरवून विमानाने घरी. नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, असं ती दोनदा म्हणाली. मी विचारलं, आमच्या रितेशने काय सांगितलं? म्हणाली, अजून काहीच नाही.

काहीच नाही म्हणजे काय रे? लहानपणी ताटात कारल्याची भाजी वाढली की तू असाच गप्प बसायचास.

नाही म्हण. एवढंच सांगायला हे सगळं लिहिलं. तू एकोणीस महिने दादाशी बोलला नाहीस, नको बोलूस. मी लिहिलंय हे ह्यांना माहीत नाही आणि कळणारही नाही. मी काळजीबिळजी करत नाहीये. फक्त नाही म्हण.

आता आशीर्वाद.

वेदिकावहिनी

२२ फेब्रुवारी

रितेश,

तुझं उत्तर मिळालं. दोन वाक्यं. "वहिनी, नाही म्हटलं तर पुढचं जहाज देत नाहीत. दादाला काही सांगू नको." तारेचे शब्द मोजून पैसे द्यायची माणसं तुझ्याहून जास्त लिहायची.

पहिल्या वाक्याचं बोलू. पुढचं जहाज देत नाहीत, बरं. मग मिरकरवाड्याच्या बंदरात ह्यांच्याबरोबर ट्रॉलरची इंजिनं उघडशील. तू जहाजावर मोटरमन आहेस, इंजिनरूममध्येच असतोस ना दिवसभर? तेल तेच, काळे हात तेच. फक्त संध्याकाळी घरी जेवायला येशील. ह्यात काय कमीपणा आहे ते मला समजावून सांग.

दुसऱ्या वाक्याचं. दादाला सांगायची गरजच नाही. परवा ह्यांचा मोबाईल चार्जिंगला लावायला घेतला, तर त्यावर जहाजं दाखवणारं ते अ‍ॅप उघडं. निळ्या पाण्यात रंगीत बाण. आणि एकच जहाज साठवून ठेवलेलं. कुठलं ते तुला सांगायला नको. मी फोन चार्जिंगला लावून ठेवला. रात्री जेवताना मीच विषय काढला, की टीव्हीवर काय ते चाललंय तिकडे, कशासाठी अडवतात हो जहाजं? मला वाटलं उठून जातील. गेले नाहीत. बोटाने ताटातल्या भाताची खाडी केली, तोंडाशी आमटी आणली, आणि म्हणाले, "हा बघ. आत येवढा समुद्र, भायेर येवढा समुद्र, आनी मदी ही चिंचोळी वाट. ज्याच्या हातात ही वाट, त्याला आरमार लागत नाय. एका डोंगरावर बसला तरी पुरा. सगळ्या जगाची चूल त्याच्या मुठीत."

मग म्हणाले, "जहाज ग्रीकाचा, झेंडा कुठल्यातरी बेटाचा, माल तुर्काचा. आनी पुढं उभा कोन? तर आपला पोर." आणि भात तसाच ठेवून हात धुतला.

तुला ते कधी बोलले नाहीत, मलाही फार नाही. सोमालियाच्या चाच्यांनी त्यांचं जहाज धरलं तेव्हा तू नववीत होतास. आपण फक्त इथली बाजू पाहिली, मुंबईला हेलपाटे, मंत्र्यांना निवेदनं. तिकडे काय झालं ते त्यांनी स्वतःपाशी ठेवलं. घरी आले आणि पुन्हा डेकवर पाय ठेवला नाही. म्हणून तू जहाजावर जायला निघालास तेव्हा त्यांनी तुझं सीडीसी, तुझं खलाशाचं पुस्तक, तांदळाच्या पिंपात लपवलं. मूर्खपणा होता. तूही काही कमी नाहीस, अख्खं पिंप अंगणात ओतून पुस्तक काढलंस आणि सगळ्या वाडीसमोर म्हणालास, "तुमी घाबरलाव, म्हनून मी पन घाबरायचा काय?" तो तांदूळ कोंबड्यांनी खाल्ला. ते वाक्य मात्र अजून अंगणात पडलंय.

भित्र्याचं ऐकू नकोस, माझं ऐक. मी कधी जहाजावर चढलेच नाही, मला भित्री म्हणता येणार नाही.

वहिनी

२७ फेब्रुवारी

रितेश,

आज घडलं ते सांगते, हसू नकोस. हसलास तरी चालेल, पण पुरतं वाच.

मी देवळात कौल लावायला गेले. तुला माहितीये, आपल्याकडे विहीर खणायची असो की लग्न ठरवायचं असो, ग्रामदेवतेला विचारल्याशिवाय पान हलत नाही. देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी बाळा गुरवाला म्हटलं, विचार, आमच्या रितेशने त्या वाटेने जावं की उतरून घरी यावं?

बाळा गुरव पाकळ्या हातात घेऊन म्हणाला, "वयनी, देवीची हद्द वेशीपर्यंत. फार तर खाडीच्या तोंडापर्यंत. तिकडं अरबांच्या पान्यात काय चाललाय ता आमच्या देवीला कसा विचारू? तिकडचा राखनदार येगळा." मी म्हटलं, मग काय त्या हूथींना विचारू? तो म्हणाला, "आनी दुसरा म्हंजे, कौलाला घरचा कर्ता उभा लागतो. त्यानं स्वता नाव घेऊन गाऱ्हाना घालायचा. अनिलला घेऊन ये."

एकोणीस महिने ज्यांनी तुझं नाव घेतलं नाही त्यांना नाव घ्यायला आणायचं! मी तशीच मिरकरवाड्याला गेले. हे एका ट्रॉलरच्या पोटात उतरलेले, कमरेपर्यंत ग्रीस. वरूनच ओरडून सांगितलं. जेटीवरच्या बायका मासळी सोडून ऐकायला लागल्या. हे वर आले. फडक्याला हात पुसले आणि गाडीला किक मारली.

देवळात उभे राहिले, तरी बराच वेळ तोंड उघडेना. बाळा गुरव म्हणाला, "नाव घे अनिल, देवीला मानूस कळायला होवा." मग म्हणाले, "आई, माझा भाऊस रितेश..." आणि तिथेच आवाज बसला. पुन्हा सुरुवात केली. "माझा भाऊस रितेश पान्यावर हाय. तुझी हद्द लांब नसंल, पन ह्यो मानूस तुझ्या हद्दीतला हाय. त्याला घरी आन. त्यो माझ्याशी बोल्ला नाय तरी चालंल."

उजवी पाकळी लगेच पडली, रितेश. आम्ही हात जोडायच्या आत.

बाळा गुरवाने जाहीर केलं, उजवा कौल झाला, माणूस घरी येणार. घरी येताना हे गाडी चालवताना नाक ओढत होते. सर्दी झालीय म्हणाले. झाली असेल.

आता तू ठरव. देवीने तिचं काम केलं, पण कंपनीला नाही म्हणायचं काम तुझं आहे.

वहिनी

१ मार्च

माझ्या राजा,

"नाही म्हटलं. सुएझला उतरवतायत." तुझे हे चार शब्द मी ह्यांना वाचून दाखवले, मग ह्यांनी फोन घेऊन स्वतः वाचले, मग चष्मा शोधून परत वाचले. पुढचं जहाज नाही मिळालं तर मरू दे. शिमग्याला पालखी दारात येईल तेव्हा तू घरात असशील. मी तुझ्यासाठी खोली झाडून घेतली. पिंपात नवीन तांदूळ भरलाय, तो ओतू नकोस म्हणजे झालं.

आणखी एक गोड बातमी. दुपारी एजंटाच्या हापिसातून त्याच मुलीचा फोन आला. मला वाटलं तुझ्या तिकिटाचं असेल. तर म्हणाली, ताई, तुमच्याकडे कोणी मोटरमन तयार आहे का, कागद पूर्ण असलेला, दोन दिवसांत निघू शकणारा? मी क्षणाचा विचार केला नाही. म्हटलं, आहे की! आमच्या वाडीतला गौरव, आपल्या तुळसाकाकूंचा. एक जहाज करून आलाय, कधीपासून घरी बसलाय, सगळे कागद मीच स्कॅन करून ठेवलेत. तिथल्या तिथे पाठवूनही दिले. अरे, आपल्याकडे पद्धतच आहे ती. तुलाही असंच नाना मयेकरांनी लावलं होतं आणि ह्यांना त्यांच्या मामांनी. एजंटाने माणूस मागितला की आधी आपल्या वाडीतला द्यायचा, नाहीतर जागा दुसऱ्या गावाला जाते.

गौरव संध्याकाळच्या गाडीने मुंबईला गेलासुद्धा. तुळसाकाकू पेढे घेऊन आल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "वेदिका गो, त्याचे बापूस गेल्यापासून ह्या घराचा पहिल्यांदा कुनी बरा केलान. पोराचा नशीब उघडला." मी म्हटलं, नशीब त्याचं, मी फक्त बटण दाबलं.

लवकर ये. तुझे दादा तुझ्याशी बोलायचं काय याचा सराव करतायत, बाथरूममध्ये ऐकू येतं.

तुझी वहिनी

४ मार्च

रितेश,

हे वाचलंस की लगेच उत्तर दे. दोन शब्द लिही, काहीही लिही.

गौरवचा मुंबई विमानतळावरून मेसेज आला. खूश आहे. "ताई, कैरोची फ्लाइट. पुढे सुएझला जॉइनिंग. डबल पगार आहे, सही केली. जहाजाचं नाव अ‍ॅस्टर ग्रेस. रितेशचंच ना ते? मजा!"

मी जहाज कुठलं ते विचारलंच नाही. तू उतरतोस म्हणजे तुझी जागा रिकामी होते, ती कुणीतरी भरणारच, हे बालवाडीतल्या पोराला कळलं असतं. मला नाही कळलं. माझ्या डोक्यात तू आणि शिमगा आणि तांदूळ. ती मुलगी मोटरमन म्हणाली, दोन दिवस म्हणाली, आणि मी पद्धतीप्रमाणे आपल्या वाडीतला पोर दिला.

मी एजंटाला फोन केला. म्हटलं गौरवला परत बोलवा. ती मुलगी म्हणाली, ताई, त्याने स्वतः सही केलीय, त्याला सगळं समजावून सांगितलंय. आणि आता दुसरा माणूस कुठून आणू? मी म्हटलं, दुसऱ्या गावचा आणा. आणि माझं मलाच बोलणं ऐकू आलं. दुसऱ्या गावातही कुणाची तरी आई असेल. मी फोन ठेवला.

गौरवला मेसेज केला, नाही म्हण, अजून म्हणता येतं. त्यावर निशाणी एकच आहे. विमान उडालं असेल.

तू त्याला सुएझला भेटलास तर सांग. तुझं तो ऐकेल.

वहिनी

७ मार्च

रितेश,

तू सुएझच्या हॉटेलात आहेस आणि तुझं विमान परवाचं आहे, एवढं एजंटाकडून कळलं. तुझं उत्तर आज मिळालं. "भेटलो. जी लाँच त्याला घेऊन आली तिनेच मी उतरलो. सांगितलं त्याला. म्हणाला, दोघं परत गेलो तर वाडीतला एकही माणूस कंपनी घेणार नाही. त्याचे सेफ्टी शूज फाटले होते, माझे दिले."

हे मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

काल तिकडे एका जहाजावर क्षेपणास्त्र पडलं, माणसं गेली. तुमच्या जहाजाचं नाव नव्हतं. मी टीव्हीवरचं नाव वाचेपर्यंत ह्यांनी माझं मनगट इतकं दाबलं होतं की निळं पडलंय. मग मी उठले आणि तुळसाकाकूंकडे गेले. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी सांगायचं होतं.

त्या अंगणात कोलंबीचे सोडे वाळत घालत होत्या. मी सगळं सांगितलं. रितेश त्या वाटेने जायला नको म्हणून आम्ही रडलो, देवीला विचारलं, तो उतरला. आणि त्याच्या जागी मीच तुमच्या गौरवचं नाव दिलं. जहाज तेच आहे हे मला माहीत नव्हतं, पण नाव मीच दिलं. त्या ओरडतील, शिव्या देतील, असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या सोडे पसरत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "म्हंजे कौल तुमचा उजवा झाला." आणि आत गेल्या.

कावळा सोडे न्यायला लागला, त्याला हाकलत तिथेच उभी राहिले.

वहिनी

९ मार्च

रितेश,

उद्या सकाळी तू मुंबईला उतरशील, तेव्हा फोन चालू केलास की हे आधी वाच. फोन केलास तर मला बोलता येणार नाही.

जहाज काल रात्रीपर्यंत अ‍ॅपवर दिसत होतं. जिथे कुठे चाललोय ते लिहायची जागा असते ना, तिथे कांडल्याऐवजी कॅप्टनने इंग्रजीत घातलं होतं, 'सर्व खलाशी भारतीय'. मी ह्यांना विचारलं, हे कशाला? म्हणाले, "डोंगरावरच्याला कळावा म्हनून. की आमचा तुमच्याशी काय भांडान नाय." आज सकाळपासून बाणच नाही. हे म्हणतात, चिंचोळ्या वाटेत सिग्नल बंद करतात, तसंच करायचं असतं. पण अ‍ॅप हातातून खाली ठेवत नाहीत.

दुपारी तुळसाकाकू स्वतः आल्या. ह्यांना म्हणाल्या, "अनिल, माज्या घरात कर्ता नाय. तू उभा ऱ्हातोस काय?" हे चप्पलसुद्धा न घालता निघाले.

बाळा गुरव म्हणाला, दुसऱ्या घरचा कर्ता चालत नाही. ह्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मुकाट पाकळ्या लावल्या. ह्यांनी गाऱ्हाणं घातलं. तुझ्या वेळी आवाज बसला होता, आज खणखणीत होता. "आई, गौरव माझ्या घरचा मानूस हाय. माझ्या भावाच्या जागंवर उभा हाय. त्याला घरी आन."

पाकळी पडली नाही. उजवीही नाही, डावीही नाही. आम्ही उभे राहिलो, मग बसलो. गुरवाने पाणी शिंपडून पुन्हा लावल्या. दोन्ही जागच्या जागी. देवी काहीच सांगत नाही असं कधी झालेलं मला आठवत नाही. वाडीतली माणसं येऊन बसून गेली. संध्याकाळी गुरव म्हणाला, उद्या लावू. हे म्हणाले, तू घरी जा, मी हितंच आहे. मी हे लिहितेय तेव्हाही ते गाभाऱ्यासमोर बसलेत, एका हातात फोन.

तुळसाकाकूंना मी आपल्याकडे आणलं. जेवल्या नाहीत. मी त्यांच्या पाया पडले तर पाय ओढून घेतले. म्हणाल्या, "तू पाया पडू नको गो. माजा पोर स्वताच्या पायानं चढला." मग बराच वेळ माझ्या फोनवरही घेतलेल्या त्या अ‍ॅपमधल्या रिकाम्या निळ्या पाण्याकडे बघत बसल्या आणि विचारलं, "रितेश कदी येतो?" मी म्हटलं, उद्या रात्रीपर्यंत. मला वाटलं, आता म्हणतील त्याचं तोंड दाखवू नका.

त्या म्हणाल्या, "आला की आदी माज्याकडं पाठव. गौरव त्याच्या बिछान्यावर झोपतो ना? तो बिछाना कसा हाय, ता मला त्याला इचारायचा हाय. अंग पसरता येता काय, वारा लागतो काय, इंजिनाचा आवाज किती येतो."

तेव्हा हातखंब्याच्या फाट्यावर गाडीतून उतरलास की रिक्षा घे, पण आपल्या दारात थांबवू नकोस. खोली झाडलेली आहे, ती कुठे जात नाही. दादा देवळात आहेत, त्यांना नंतर भेट. आधी तुळसाकाकूंच्या घरी जा आणि त्या विचारतील ते सगळं सांग. बिछाना अरुंद असेल तर अरुंद म्हण. खोटं चांगलं सांगू नकोस, रितेश, तू सांगशील त्याच बिछान्यावर त्या उद्या रात्री झोपणार आहेत.

वहिनी